रेडिओलहरींचा सातबारा

मनमाड आणि चाळीसगाव यांच्यामधले नांदगाव हे स्थानक मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील असंख्य प्रवाशांना केवळ खिडकीतून ओळखीचे आहे. तालुक्यातून जाणारे रूळ, विजेच्या तारा आणि महामार्ग डोळ्यांना दिसतात. परंतु याच तालुक्यावरून जाणारी आणखी एक वाहतूक दिसत नाही. इंजिनचालकाचे स्टेशनमास्तरांशी होणारे बोलणे, पोलिसांचे बिनतारी संदेश, आकाशवाणीचे कार्यक्रम, पानेवाडीच्या इंधन-डेपोंशी निगडित दळणवळण आणि घराघरांतील भ्रमणध्वनी हे सारे एकाच आकाशातून, परंतु वेगवेगळ्या वारंवारतेच्या रेडिओलहरींवर स्वार होऊन जात असते. या लहरींचा उपयोगी पट्टा, म्हणजेच ज्याला आता सर्रास ‘स्पेक्ट्रम’ म्हटले जाते तो, मर्यादित आहे. त्याचे मागणीदार मात्र वर्षागणिक वाढत आहेत. त्यांच्यात वाटप कोणी, कशाच्या आधारे आणि कोणाच्या हिताकडे पाहून करावयाचे, हा वरवर तांत्रिक दिसणारा प्रश्न मूलतः अर्थशास्त्राचा आणि न्यायाचा आहे.

या प्रश्नाला नांदगाव तालुक्यात फार जवळचा संदर्भ आहे. गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ ही स्वदेशी यंत्रणा २०२० साली राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. तिची उभारणी ज्या मार्गांवर प्रथम झाली त्यांत मनमाड–मुदखेड–ढोण–गुंटकल हा मार्ग आहे, आणि त्याचा आरंभ ज्या मनमाडला होतो ते याच तालुक्यातील शहर आहे. ‘कवच’मध्ये रुळांवर बसविलेल्या खुणा, स्थानकातील संच आणि इंजिनातील संच यांचा परस्परांशी सतत संपर्क असावा लागतो. चालकाने लाल सिग्नलकडे दुर्लक्ष केले तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. स्थानक आणि इंजिन यांच्यातील हा संवाद रेडिओलहरींवर चालतो. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ३० मीटर पुढे जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या संवादात दुसऱ्या कोणाचा गोंगाट मिसळू देणे किती महागात पडेल, हे वेगळे सांगावयास नको.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय रेल्वेला ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्‌झ स्पेक्ट्रम लिलावाविना देण्याचा निर्णय घेतला. चालक, गार्ड, स्टेशनमास्तर व नियंत्रण कक्ष यांच्यात अखंड संपर्क राहावा आणि ‘कवच’ला पक्का आधार मिळावा, हा त्यामागील हेतू होता. या प्रकल्पाचा अंदाजित खर्च २५ हजार कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आला. पुढे रेल्वेने आणखी ५ मेगाहर्ट्‌झची मागणी केली. मोबाइल कंपन्यांच्या दृष्टीने हाच पट्टा सर्वांत मोलाचा. कारण या लहरी दूरवर पोचतात आणि भिंतींतूनही आत शिरतात. साहजिकच प्रश्न उभा राहतो : एकाच वस्तूवर दोघांचा वाजवी हक्क असेल तर ती कोणाला द्यावी? की दोघांनी ती वाटून घ्यावी?

पाणी आणि लहरी

लहरींची तुलना अनेकदा पाण्याशी केली जाते, आणि नांदगावच्या वाचकाला ती चटकन पटेल. गिरणा नदीवरील १९६९ मध्ये पूर्ण झालेले धरण याच तालुक्यात आहे. परंतु त्याच्या सिंचनाचा मुख्य लाभ जळगाव जिल्ह्याला होतो. उशाशी धरण आणि घशाला कोरड, ही स्थिती अवर्षणप्रवण तालुक्याला नवी नाही. लहरीही अशाच डोक्यावरून जातात आणि त्यांचा उपभोग दुसरीकडे होतो. तथापि ही तुलना एका महत्त्वाच्या ठिकाणी अपुरी पडते. धरणातील पाणी आज वापरले नाही तर उद्यासाठी शिल्लक राहते. लहरींचे तसे नाही. आज दुपारी नांदगावच्या आकाशात जो पट्टा मोकळा राहिला तो साठवून उद्या वापरता येत नाही. ती दुपार कायमची वाया जाते. उलट कितीही वापरल्या तरी लहरी झिजत नाहीत की आटत नाहीत. दोघांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच वारंवारतेवर बोलू लागणे एवढाच काय तो त्यांचा शत्रू.

म्हणजे पाण्याच्या बाबतीत उधळपट्टी हा दोष असेल, तर लहरींच्या बाबतीत न वापरणे हा दोष आहे. धोरण ठरविताना हा फरक नजरेआड झाला की फार मोठे नुकसान होते, याचे उदाहरण आपल्या देशातच घडले आहे. ऑक्टोबर २०१६ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्याची राखीव किंमत संपूर्ण देशासाठी प्रति मेगाहर्ट्‌झ ११,४८५ कोटी रुपये ठेवण्यात आली. एकही बोली आली नाही. मार्च २०२१ मध्येही तेच झाले. अखेर २०२२ च्या लिलावात राखीव किंमत ३,९२७ कोटींवर आणल्यावर एका कंपनीने १० मेगाहर्ट्‌झ ३९,२७० कोटी रुपयांना घेतले. या सहा वर्षांच्या विलंबात तिजोरीचे काय झाले यावर चर्चा होऊ शकते. परंतु सहा वर्षे सर्वांत गुणकारी लहरी देशाच्या खेड्यांवरून रिकाम्या गेल्या, आणि ते नुकसान कोणत्याही ताळेबंदात नोंदले गेले नाही.

वाटपाचे तीन मार्ग

लहरींच्या वाटपाचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला राखीव वाटपाचा. संरक्षण, पोलीस, रेल्वे, विमान वाहतूक, हवामान खाते, आकाशवाणी यांना सरकार गरजेनुसार लहरी देते. दुसरा लिलावाचा. जो सर्वाधिक किंमत देईल तो त्या लहरींचा सर्वाधिक उपयोग करील, असे यामागील गृहीत आहे. तिसरा मुक्त वापराचा. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक शक्ती न वापरणाऱ्या कोणालाही परवान्याविना त्या पट्ट्यात वावरण्याची मुभा असते. भारतात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा मोठा भाग असा मुक्त झाला. शाळा-कचेऱ्यांतील ‘वायफाय’ त्यावरच चालते.

लिलावाची कल्पना अर्थशास्त्रात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने रोनाल्ड कोस यांच्याकडे जाते. १९५९ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, लहरी मर्यादित आहेत म्हणून सरकारनेच त्या वाटाव्यात हा युक्तिवाद टिकत नाही. जमीन आणि श्रमही मर्यादितच असतात. हक्क स्पष्टपणे आखून द्यावेत आणि व्यवहार होऊ द्यावा, म्हणजे ती वस्तू तिचे मोल जाणणाऱ्याकडे जाईल. त्यांच्या पुढील वर्षीच्या सुप्रसिद्ध निबंधात रेल्वेचेही उदाहरण आहे : वाफेच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी लाइनीलगतचे पीक जळते, मग दोष कोणाचा? कोस यांचे उत्तर असे की, नुकसान नेहमी परस्परांमुळे होते. पीक तेथे नसते तर जळले नसते, आणि इंजिन गेले नसते तरीही जळले नसते. कोणाच्या हक्काचे किती मोल आहे, हे पाहिल्याखेरीज निवाडा होत नाही.

हा विचार मोलाचा आहे, परंतु त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. सौदा करण्याचा खर्च जेथे नगण्य असेल तेथेच तो सहज लागू पडतो, हे स्वतः कोस यांनीच दाखविले. नांदगावच्या स्थानकात शिरणाऱ्या गाडीतील प्रवाशांना लहरींच्या बाजारात बोली लावता येत नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी याच लोहमार्गावर, पाचोऱ्यानजीक परधाडे येथे, आग लागल्याच्या समजुतीने पुष्पक एक्स्प्रेसमधून शेजारच्या रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडले आणि किमान १२ जणांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचा दोष लहरींच्या वाटपावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु उभ्या राहिलेल्या गाडीची बातमी समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकापर्यंत किती सेकंदांत पोचू शकते, या प्रश्नाचे महत्त्व तिने रक्ताच्या शाईने लिहून ठेवले. सुरक्षिततेचे मोल बाजार ठरवू शकत नाही. म्हणून रेल्वेला लहरी राखून ठेवणे योग्यच आहे.

‘फुकट’ची किंमत

राखीव वाटप योग्य आहे, याचा अर्थ ते विनामूल्य आहे असा मात्र नव्हे. २०२२ च्या दराने ५ मेगाहर्ट्‌झची किंमत १९,६३५ कोटी रुपये होते. रेल्वे सूत्रानुसार ठरणारे शुल्क भरते, परंतु समाजाने या लहरींच्या दुसऱ्या उपयोगाला जे मुकावे लागते ते त्यांचे खरे मोल होय. अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी याला संधिव्यय म्हणून ओळखतो. हे मोल मोजले की पुढचा प्रश्न अपरिहार्य होतो : एवढी किमती वस्तू रेल्वे कोठे वापरते?

रेल्वेचे काम रुळांवर चालते. नांदगाव तालुक्यात मनमाड, नांदगाव, पिंपरखेड, न्यायडोंगरी अशी स्थानके जोडणारी एक लांबट पट्टी तिला हवी आहे. या पट्टीत आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या काही किलोमीटरांत रेल्वेच्या लहरींना कोणाचाही स्पर्श होता कामा नये. परंतु दक्षिणेकडे घाटमाथ्यावरील बोलठाण, जातेगाव या गावांच्या आकाशात त्याच लहरींचा रेल्वेला काहीही उपयोग नाही. मधले डोंगर उच्च वारंवारतेच्या लहरींना अडवितात, म्हणून अशा भागात कमी वारंवारतेच्या लहरींची गरज अधिक असते; आणि तेच डोंगर तेथील प्रक्षेपण रुळांपर्यंत पोचू न देण्याच्या कामीही येतात. गरज आणि संरक्षण यांचा असा योग जेथे जुळून येतो तेथे पट्टा रिकामा ठेवण्यात शहाणपण कोणते?

हीच कसोटी कंपन्यांनाही लावली पाहिजे. लिलाव २२ सेवाक्षेत्रांचे होतात. मुंबई वगळून सारा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक क्षेत्र आहे. बोली लावणारा पुणे, नागपूर, नाशिक यांच्याकडे पाहून बोली लावतो. परंतु हक्क मात्र त्याला शेवटच्या वाडीवरच्या आकाशाचाही मिळतो. विकत घेतले म्हणून पडीक ठेवण्याचा अधिकार येतो काय? सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची दिशा पूर्वीच स्पष्ट केली आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, न्यायमूर्ती पी. बी. सावंत ज्या खंडपीठावर होते त्याने, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने ‘प्रथम येईल त्याला प्रथम’ पद्धतीने दिलेले १२२ परवाने रद्द केले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, प्रत्येक नैसर्गिक साधनसंपत्तीसाठी लिलाव हाच एकमेव मार्ग नाही, असेही स्पष्ट केले. या तिन्ही निर्णयांचा एकत्रित अर्थ असा की, लहरी जनतेच्या आहेत आणि त्या कोणत्याही पद्धतीने दिल्या तरी जनहित सिद्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर व घेणाऱ्यावर राहते.

सहवापराचा अनुभव

एकाच्या नावावर असलेल्या लहरी दुसऱ्याने त्याला अडथळा न आणता वापरणे, हा चौथा मार्ग आहे. त्याचा प्रयोग महाराष्ट्रातच झालेला आहे. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१४ च्या सुमारास दाखवून दिले की, दूरदर्शनसाठी ठेवलेल्या एका पट्ट्यातील १५ पैकी किमान १२ वाहिन्यांची जागा देशाच्या कोणत्याही भागात मोकळी होती. याच लहरींवर पालघर जिल्ह्यातील खामलोली येथे पाड्यांना इंटरनेट जोडण्याचा प्रयोग करण्यात आला. अमेरिकेत ३.५ गिगाहर्ट्‌झचा १५० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा नौदलाच्या रडारसाठी होता. २०१५ मध्ये तेथे तीन पायऱ्यांची व्यवस्था ठरविण्यात आली : पहिला मान नौदलाचा, दुसरा लिलावात हक्क घेणाऱ्यांचा, आणि उरलेल्या जागेत सर्वसामान्यांचा. किनाऱ्यावरील संवेदकांना रडारची चाहूल लागताच खालच्या पायरीवरील वापरकर्त्यांना आपोआप जागा सोडावी लागते. युद्धनौकांचे रडार आणि गोदामातील यंत्रे एका पट्ट्यात नांदू शकतात, तर रेल्वे आणि घाटमाथ्यावरची शाळा का नांदू शकणार नाहीत?

भारतीय कायद्यानेही हे दार उघडले आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांची जागा घेण्यासाठी झालेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात, एकाला दिलेल्या लहरींचा काही भाग दुसऱ्या दुय्यम वापरकर्त्याला देण्याची तरतूद आहे. सबळ कारणाविना न वापरलेले वाटप रद्द करण्याचाही अधिकार सरकारला मिळाला आहे. कायद्याच्या पुस्तकातील दार उघडे असणे आणि त्यातून खेड्यातील माणूस आत येणे, यांत मात्र बरेच अंतर असते.

या व्यवस्थेवरील आक्षेपही विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. तो सर्वांत वजनदार आहे. म्हणून मुख्य वापरकर्त्याचा अग्रहक्क निरपवाद हवा, संरक्षक अंतर मोजून ठरलेले हवे आणि शंका येताच दुय्यम वापर बंद पाडण्याची कळ रेल्वेच्या हाती हवी. दुसरा आक्षेप असा की, दुय्यम वापराच्या नावाखाली मोठ्या कंपन्या लिलाव टाळून मागील दाराने लहरी मिळवतील. ही भीती अनाठायी नाही. यावर उपाय म्हणजे दुय्यम हक्क सबंध राज्याचे न देता तालुक्यापुरते वा गावापुरते, अल्प मुदतीचे आणि परत घेता येण्याजोगे ठेवावेत. आणि ते देताना शाळा, ग्रामपंचायती, सहकारी संस्था व स्थानिक लहान सेवादार यांना प्राधान्य असावे. तिसरा आक्षेप देखरेखीचा. रानात उभा राहिलेला प्रत्येक मनोरा दिल्लीतून कसा तपासणार?

या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर नाशिक–धुळ्याच्या शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्यांपूर्वी शोधलेले आहे. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी गाव स्वतःच वाटून घेत असे. शेतांचे फड पाडलेले, एका फडात एक पीक, पाण्याची पाळी ठरलेली, पाळी सांभाळावयास पाटकरी आणि पिकाच्या राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला लाभधारकच देत. सामाईक मालमत्ता एक तर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा विकून टाकावी, याखेरीज तिसरा मार्गही असू शकतो, हे जगभरच्या अशाच व्यवस्थांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सिद्ध केले आणि त्यासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक मिळविले. लहरींच्या सहवापरात पाटकऱ्याचे काम संगणकावरील नोंदवही करील. परंतु पाळी कोणाची, हे ठरविण्यात लाभधारकाला स्थान हवे, हे तत्त्व तेच राहते.

पीकपाहणीची गरज

या सर्वांसाठी प्रथम हवी ती नोंद. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सातबाऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे ते लिहिलेले असते; नमुना बारामध्ये तिच्यात प्रत्यक्ष काय पिकले, किती पडीक राहिली, याची नोंद होते. लहरींच्या बाबतीत राज्यव्यवस्थेने सातचा नमुना काळजीपूर्वक लिहिला आहे. कोणता पट्टा कोणाच्या नावे आणि किती कोटींना गेला, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु बाराचा नमुना कोरा आहे. २०२४ च्या सेवागुणवत्ता नियमांनी कंपन्यांना सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करणे भाग पाडले, हे स्वागतार्ह पाऊल होय. परंतु सेवा कोठे पोचते हे कळणे वेगळे आणि कोणाच्या नावावरील कोणता पट्टा कोणत्या तालुक्यात पडीक आहे हे कळणे वेगळे. कंपन्यांप्रमाणेच रेल्वे आणि अन्य सरकारी खात्यांच्या वापराचीही, सुरक्षिततेचे तपशील वगळून, अशी तालुकानिहाय पीकपाहणी झाली पाहिजे आणि ती नागरिकाला पाहता आली पाहिजे.

हे काम निकडीचे होण्याचे आणखी एक कारण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव–मनमाड चौथ्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. गाड्या वाढतील तशी रेल्वेची लहरींची गरज वाढेल. अभ्यास, बाजारभाव, पैशांची देवघेव हे सारे भ्रमणध्वनीवर येत गेल्याने गावांचीही वाढेल. आज नोंद आणि नियम तयार झाले नाहीत तर उद्या हे दोन वाजवी हक्क एकमेकांसमोर उभे ठाकतील, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचाच निवाडा होईल.

रुळांलगतच्या लहरी रेल्वेच्या आहेत, आणि त्यांच्याबाबत तडजोड नको. परंतु रुळांपासून दूर, डोंगरापलीकडे, त्याच लहरी कोणाच्याही कामी न येता विरून जाणार असतील, तर त्या राखल्या जात नसून वाया जात आहेत. जमीन पडीक ठेवणाऱ्याला गाव जाब विचारते. आकाश पडीक ठेवणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार कायद्याने सरकारला दिला आहे. तो वापरण्यास सरकारला भाग पाडणे हे जनतेचे काम आहे, आणि त्याची सुरुवात बाराचा नमुना मागण्यापासून व्हावयास हवी.